नाडी, गण आणि बी पॉझिटिव्ह

पुण्यात लग्नाचा बायोडेटा आता बहुधा व्हॉट्सअॅपवर पीडीएफ होऊन येतो. वर गणपती, खाली ‘अपेक्षा’, आणि मधल्या चार ओळींत उंची, रास, नक्षत्र, नाडी, गण, मंगळ आणि रक्तगट. ज्या घरात पत्रिका मानत नाहीत, तिथे नाडी-गण गळतात. रक्तगट मात्र गळत नाही. पत्रिका बघणारे आजोबा आणि न बघणारा इंजिनिअर नातू, दोघांचंही समाधान करणारी ही एकच ओळ. तिचा उपयोग काय, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं : “दोघांचा गट एकच नको, मुलांना त्रास होतो.” मग कुणीतरी पुस्ती जोडतंच, की एकनाडीचा दोष म्हणजे तरी दुसरं काय? रक्तगट एक असणं! आपल्या पूर्वजांना ते आधीच ठाऊक होतं.

हे सगळंच बिनबुडाचं आहे. नाडी ठरते जन्माच्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात होता त्यावरून. सत्तावीस नक्षत्रांच्या तीन नाड्या, आद्य, मध्य आणि अंत्य. रक्तगट त्याच्या नऊ महिने आधी, गर्भ राहतो त्या क्षणीच ठरून गेलेला असतो. दहा मिनिटांच्या अंतरानं जन्मलेल्या जुळ्या बहीण-भावाची नाडी बहुधा एकच निघेल आणि रक्तगट खुशाल वेगळे निघतील. छत्तीसपैकी आठ गुण नाडीला द्यायचे असतील त्यांनी द्यावेत, पण त्यासाठी रक्तपेढीची साक्ष काढू नये.

एका गटाच्या नवरा-बायकोला व्यंग असलेली मुलं होतात, या समजुतीचा साधा हिशेबही कुणी करत नाही. आपल्याकडे ओ आणि बी हे गट सर्वांत जास्त, त्यांच्या मागे ए आणि शेवटी एबी. या प्रमाणात काहीही न बघता लग्नं लावली, तरी ढोबळमानानं दहातल्या तीन जोडप्यांचा गट एकच येईल. सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत दर तिसऱ्या-चौथ्या घरात मग हा ‘त्रास’ दिसायला हवा होता. खरं तर गोष्ट उलटी आहे. आईचा गट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असेल, तर बाळाला थोडी जास्त कावीळ होऊ शकते. म्हणजे किरकोळ का होईना, अडचण येते ती गट वेगळे असल्यामुळे. एकच असल्यामुळे येत नाही.

गट मुलात उतरतो तो असा. ए-बी-ओचं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं आणि प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. ए आणि बी या प्रती दिसून येतात; दोन्ही आल्या तर दोन्ही दिसतात आणि गट होतो एबी. ओची प्रत बिघडलेली असते. बहुतेक वेळा तिच्यात एकच अक्षर गळालेलं असतं आणि तेवढ्यानं पुढची सगळी जुळणी कोलमडते. तिच्याकडून काहीच तयार होत नसल्यामुळे ती दुसऱ्या प्रतीमागे दडून राहते. कार्डावर ‘बी’ लिहिलेला माणूस आतून बी-बी असेल किंवा बी-ओ असेल. कार्ड ते सांगत नाही. म्हणून दोघांचाही गट बी असताना मूल ओ येतं. ए वडील आणि बी आई यांच्या चार मुलांचे चार वेगळे गटही येऊ शकतात. आणि एक पालक एबी, दुसरा ओ असेल, तर मूल ए किंवा बी होतं; म्हणजे त्याचा गट ना आईचा, ना बापाचा.

घरोघरी घोळ होतो तो इथेच. शाळेच्या ओळखपत्रासाठी मुलाचा गट तपासला जातो, तो दोघांपैकी कुणाशीच जुळत नाही, आणि कुजबुज सुरू होते. संशय अर्थातच बाईवर. नियमानुसार तो गट अगदी बरोबर आहे हे सांगायला जीवशास्त्राचा दहावीचा मास्तरही पुरे; पण त्याला विचारतो कोण? त्यात नवजात बाळाचा गट तपासताना चूकही होऊ शकते. बाळाच्या पेशींवरच्या खुणा तेव्हा अजून फिकट असतात आणि स्वतःच्या अँटीबॉडी तयार झालेल्या नसतात. जन्माच्या वेळच्या कागदावरचा गट पुढे पुन्हा तपासून घ्यायचा असतो, हे किती आईवडिलांना सांगितलं जातं?

रक्तगटावरून फार तर ‘हा बाप नाही’ एवढं म्हणता येतं, ‘हाच बाप आहे’ असं कधीच म्हणता येत नाही. पण न्यायालयं तेवढ्यावरही विसंबत नाहीत. चार्ली चॅप्लिनवर अमेरिकेत पितृत्वाचा खटला झाला, तेव्हा त्याचा गट ओ, मुलीच्या आईचा ए आणि मुलीचा बी होता. त्या गणितात चॅप्लिन बसतच नव्हता, तरी 1945 मध्ये ज्यूरीनं त्यालाच बाप ठरवलं. आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 112 वेगळ्या वाटेनं गेलं. विवाह टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं ते गृहीत धरतं. ‘भारतीय साक्ष अधिनियमा’त ते आता कलम 116 झालं आहे. रक्ततपासणीचा आदेश ऊठसूट देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1993 मध्येच सांगितलं होतं. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेलं एक प्रकरण फेब्रुवारी 2023 मध्ये तिथवर पोचलं, तेव्हा मुलाच्या डीएनए तपासणीचा खालचा आदेश न्यायालयानं रद्द केला. नवरा-बायकोच्या भांडणात मुलाला प्यादं करू नका, हा त्याचा रोख. कोर्टाला जे कळतं ते सोसायटीच्या कट्ट्याला कळायला हरकत नाही.

हे नियम ठरले कसे, यात पुणेकरांना रस वाटावा असं एक वळण आहे. कार्ल लँडश्टायनरनं 1901 मध्ये व्हिएन्नात गट ओळखले. ते वारशानं येतात हेही दहाएक वर्षांत कळलं. पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हाना हिर्शफेल्ड या दांपत्यानं सालोनिकाच्या आघाडीवर जमलेल्या देशोदेशींच्या सैनिकांचं रक्त तपासलं. त्यात हिंदी सैनिकही होते आणि त्यांच्यात बी गट युरोपियनांच्या कितीतरी पट निघाला. पण वारशाचा नेमका हिशेब बसवला तो कुण्या डॉक्टरानं नव्हे, तर गॉटिंगेनच्या फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञानं, 1924 मध्ये. तोवर ए आणि बी ही दोन स्वतंत्र जनुकं मानली जात. जगभरातून गोळा झालेले आकडे त्यात बसत नाहीत, एकाच जागेवरच्या तीन प्रती मानल्या तरच बसतात, हे त्यानं कागदावर दाखवलं. जनुकांच्या गणितात पुण्याचंही एक नाव कायमचं आहे. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1944 मध्ये एकाच गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढण्याचं सूत्र मांडलं. नाणी, शिलालेख, भर्तृहरी यांच्यात रमलेल्या कोसंबींची ओळख आपल्याला इतिहासकार म्हणून; पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारा जगातला कुठलाही संशोधक त्यांना ओळखतो तो या सूत्रामुळे.

मात्र पुस्तकातल्या नियमाला खरा धक्का दिला तो मुंबईनं.

रक्तदान शिबिरात गट तपासतात ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब, एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात रंगहीन अँटी-डी. काडीनं ढवळायचं आणि पट्टी हलवत बघायचं. ज्या थेंबात लाल दाणे धरतात तो गट. पहिले दोन थेंब गुळगुळीतच राहिले, तर गट ओ. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे मुंबईत असे रुग्ण आले. एक रेल्वे अपघातातला जखमी, दुसरा भोसकलेला. काचपट्टीवर गट ओ वाटत होता, पण कुठल्याही ओ दात्याचं रक्त त्यांच्या रक्ताशी जुळेना. नमुने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटला, रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस यांच्याकडे गेले, आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख आला. लेखकांत भेंडे, देशपांडे, भाटिया ही नावं लंडनच्या नावांच्या आधी. त्या गटाला जगानं ‘बॉम्बे’ म्हटलं. शहराचं नाव बदललं, गटाचं राहिलं.

ए आणि बी या खुणा पेशीवर थेट बसत नाहीत. आधी एच नावाचा एक साखरेचा तुकडा बसावा लागतो, मग त्याच्यावर ए किंवा बी चढतं. खुंटीच नसेल तर टोपी टांगणार कुठे? ही खुंटी बनवणारं जनुक वेगळं आहे, थेट एकोणिसाव्या गुणसूत्रावर. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या माणसाकडे ए किंवा बीचं धडधाकट जनुक असलं तरी पेशीवर काही दिसत नाही. ओ गटाच्या पेशींवर मात्र एच भरपूर असतं आणि या माणसाच्या शरीराला ते परकं वाटतं. म्हणून ओचं रक्तही त्याला घातक ठरतं. फक्त काचपट्टीवर विसंबलं तर हा माणूस जन्मभर ‘ओ’ म्हणून वावरतो. उलटी तपासणी, म्हणजे त्याचा प्लाझ्मा घेऊन ज्ञात ए, बी आणि ओ पेशींशी लावून बघणं, केली तरच तो सापडतो. कारण त्याचा प्लाझ्मा ओच्या पेशींनाही दाणेदार करतो.

वारशाच्या दृष्टीनं तर हा गट सगळ्या संशयखोरांना गप्प बसवणारा आहे. 1955 मध्ये अमेरिकेत एका इटालियन वंशाच्या कुटुंबाचा अभ्यास छापून आला. त्यातल्या बाईचा गट ओ दिसत होता, पण तिनं मुलीला बी दिलेलं होतं. बाई बॉम्बे गटाची होती. तिच्यातलं बी लपलेलं, मुलीला वडिलांकडून खुंटी मिळाली आणि ते वर आलं. ‘दोन्ही पालक ओ तर मूल ओच’ हा नियमही इथे मोडू शकतो.

मुंबईत 7600 माणसांमागे एक बॉम्बे गटाचा, असं डॉ. भाटिया आणि साठे यांनी 1974 मध्ये दाखवलं. युरोपात हेच प्रमाण दहा लाखांत एखादा. 7600 हा आकडा वाचून हा विषय आपला नव्हे असं वाटतं, पण त्याच्या मागचं गणित बघा. दोन्ही प्रती निकामी असलेला 7600 मध्ये एक, तर निकामी प्रतीचं प्रमाण साधारण 87 मध्ये एक, आणि एक निकामी व एक चांगली प्रत घेऊन हिंडणारे सुमारे 44 मध्ये एक. मंगल कार्यालयात चारशे पानं उठली, तर त्यात नऊजण! नात्यात आणि जातीत लग्नं करणाऱ्या समाजात हा आकडा काहीसा खाली येईल, तरी दडून बसलेल्यांची संख्या दिसणाऱ्यांच्या कितीतरी पट राहीलच. त्यांना कसलाच त्रास नसतो. कार्डावर ए, बी, जे असेल ते व्यवस्थित छापलेलं असतं.

त्रास कुणाला होतो, ते मे 2024 मध्ये इंदूरला दिसलं. शस्त्रक्रियेच्या वेळी एका तरुणीला ओ पॉझिटिव्ह रक्त दिलं गेलं आणि तिची प्रकृती ढासळली. गट बॉम्बे असल्याचं नंतर कळलं. शिर्डीत फुलांचा व्यवसाय करणारा एक दाता मोटारीनं चारशेहून जास्त किलोमीटर जाऊन रक्त देऊन आला. एक पिशवी तिच्या सख्ख्या बहिणीनं दिली. बहिणीचं जुळणं हा योगायोग नव्हता. आईवडील दोघंही दडलेली प्रत बाळगून असतील, तर प्रत्येक मुलाला हा गट येण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून घरात एक बॉम्बे सापडला की सगळ्या भावंडांची तपासणी करावी. दात्यांच्या यादीत अशानंच भर पडते.

देशभरात नोंदल्या गेलेल्या बॉम्बे गटाच्या माणसांत महाराष्ट्रातले सर्वाधिक आहेत. आता मुंबईत शोध लागला म्हणून इथे शोधाशोध जास्त झाली, हेही त्यामागे असणार. पण मामाची मुलगी करायची पद्धत आणि जातीबाहेर न जाण्याचा कटाक्ष यांचाही वाटा आहेच. दुर्मीळ निकामी प्रती एरवी एकमेकींना भेटत नाहीत. एकाच आजोबांकडून त्या दोन घरांत गेल्या असतील, तर लग्नात भेटतात. इरावती कर्वे यांनी येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात बसून याच प्रश्नाचा माग काढला होता. त्यांनी आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1968 मध्ये महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली, त्यात शरीराच्या मापांबरोबर रक्तगटही होते. बाहेरून एकाच पायरीवरच्या वाटणाऱ्या या जाती जैविकदृष्ट्या एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या निघाल्या. प्रत्येकीचा जनुकांचा साठा आपापल्या कुंपणात राहिलेला. ‘आमच्यातलाच मुलगा हवा’ या अपेक्षेचा जनुकीय अर्थ तोच आहे.

मग बायोडेटातल्या त्या ओळीचा काहीच उपयोग नाही का? एका बाबतीत आहे, आणि नेमका तोच उलटा वापरला जातो. आरएच निगेटिव्ह मुलगी म्हटलं की काही घरं पाय मागे घेतात. आई निगेटिव्ह, वडील पॉझिटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह असं झालं, तर बाळंतपणात बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळून तिच्यात अँटीबॉडी तयार होतात आणि पुढच्या बाळाला धोका होतो, हे खरं. पण त्यावर 1968 पासून अँटी-डी इंजेक्शन आहे. गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत ते घेतलं की प्रश्न मिटतो. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना त्याबद्दल विचारलंच पाहिजे, आणि हे बऱ्याचदा राहून जातं. आणि नवराही निगेटिव्ह असेल, तर बाळ निगेटिव्हच होणार, इंजेक्शनचीही गरज नाही. म्हणजे ‘एकच गट’ म्हणून जे स्थळ नाकारलं जातं, तेच या बाबतीत सर्वांत निर्धास्त.

लग्नाआधी रक्ताकडे बघायचंच असेल, तर बघायची गोष्ट वेगळी आहे आणि ती रक्तगटाच्या रकान्यात दिसत नाही. थॅलेसेमियाची एक प्रत घेऊन हिंडणारे भारतात शंभरात तीन ते चार. निरोगी, नोकऱ्या करणारे, सिंहगड चढणारे लोक. दोघंही तसेच निघाले तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे दर दोन-चार आठवड्यांनी रक्ताची पिशवी लागणाऱ्या मुलाची. देशात दरवर्षी दहा हजारांच्या आसपास अशी मुलं जन्मतात. फाळणीनंतर पिंपरीत वसलेल्या सिंधी समाजात हे प्रमाण जास्त म्हणून त्यांच्यात जागरूकताही आली. बाकीचे ‘आमच्यात नसतं’ म्हणून निवांत आहेत. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरकडे सिकलसेलचं हेच गणित आहे. त्यासाठी 2023 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि तपासणीनंतर लोकांच्या हातात कार्डं दिली जाऊ लागली.

म्हणून बायोडेटात रक्तगटाच्या जागी थॅलेसेमियाचा रकाना घाला, असं सुचवणारे आहेत. हेतू चांगला, पण ते होऊ नये. ज्या बाजारात निगेटिव्ह मुलगी नापास होते, त्या बाजारात ‘वाहक’ हा शब्द दुसरा मंगळ होईल आणि त्याची किंमतही पुन्हा मुलीच मोजतील. वाहकानं वाहकाशी लग्न करूच नये असंही नाही. सायप्रसमध्ये 1983 पासून चर्चनं लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली, तेव्हा दोघंही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न केलंच; फक्त गर्भाची वेळेवर तपासणी करून घेतली, आणि नव्या रुग्णांचे जन्म जवळजवळ थांबले. ही माहिती ज्याची त्याच्याकडे असावी, मध्यस्थाच्या फाईलमध्ये नव्हे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात, लग्नाचा विषयही नसताना एकदा तपासणी करून घ्यावी. आणि ते राहिलंच, तर गर्भवतीच्या पहिल्या भेटीत आधी तिची आणि ती वाहक निघाली तर लगेच नवऱ्याची. तपासणी आयुष्यात एकदाच लागते, कारण जनुक बदलत नाही.

थॅलेसेमियाचं वाहक असल्याची पहिली खूण बऱ्याच घरांत आधीच पडून असते. सीबीसीचा जुना रिपोर्ट काढून बघावा : हिमोग्लोबिन दहा-अकरा, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) 80 च्या बराच खाली, आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र कमी नाही, उलट जरा जास्तच. अशा मुलीला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या, बीट आणि खजूर दिले जातात आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. तिथे आणखी एक टॉनिक लिहून देण्याआधी ‘हिमोग्लोबिन एचपीएलसी’ ही तपासणी सांगावी. त्यातला एचबीए2 साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेला, की ती वाहक असल्याचं बहुतेक वेळा कळतं. मग तिच्या भावाला आणि मामेबहिणींनाही त्याच तपासणीला पाठवावं.